चला कासला, फुलांएवढं होऊन!

बालमित्रांनो, आज एका कोड्यानं सुरुवात करू या. सावलीला मोठं झाड नाही, पायाखाली धड माती नाही, उन्हाळ्यात पाहावं तर नुसता उघडाबोडका खडक. पण पावसाळा सरत आला, की याच खडकावर इतकी फुलं येतात, इतकी फुलं येतात, की ती बघायला लांबलांबून माणसं येतात. ओळखा पाहू हे ठिकाण!

बरोब्बर! साताऱ्याजवळचं कासचं पठार!

तुमच्यापैकी काहींनी ते पाहिलं असेल. पुष्कळांनी त्याचे फोटो तरी नक्कीच पाहिले असतील. गुलाबी, पिवळे, जांभळे गालिचे अंथरावेत, तसे ते फोटो असतात. आज मी तुम्हांला कासला घेऊन जाणार आहे आणि जाता जाता फुलांचे चांगले फोटो कसे काढायचे, तेही सांगणार आहे. आता तुम्ही म्हणाल, "बाई, त्यात काय सांगायचं? मोबाइल धरायचा आणि बटण दाबायचं!"

थांबा, थांबा. फुलाचा फोटो चांगला आला असं म्हणायला माझ्या दोन अटी आहेत. पहिली अट अशी, की फोटो बघणाऱ्याला ते फूल नीट कळलं पाहिजे. दुसरी अट अशी, की फोटो काढून झाल्यावर ते फूल होतं तसंच, होतं तिथंच डुलत राहिलं पाहिजे. पहिली अट सरावानं जमते. दुसरी मात्र चांगल्या मोठ्या माणसांनाही जमत नाही! कसं ते पुढं येईलच.

यवतेश्वरच्या घाटातून

मी माण तालुक्यातल्या एका प्राथमिक शाळेत शिकवते. सातारा जिल्ह्याचा नकाशा काढा. माण अगदी पूर्वेला दिसेल आणि कास पश्चिमेला. जिल्हा एकच, पण पाऊस किती निराळा! अरबी समुद्रावरून आलेले ढग सह्याद्रीला अडतात आणि कासच्या बाजूला धो धो कोसळतात. आमच्या माणदेशात पोचेपर्यंत त्यांच्याजवळ फारसं काही उरत नाही. आमच्याकडे पावसाची सर आली, की मुलं वर्ग सोडून अंगणात धावतात आणि मीही त्यांना थांबवत नाही.

वर्गात हे शिकवत असताना एक मुलगा म्हणाला, "बाई, आपल्याच जिल्ह्यात एवढा पाऊस पडतो, तर तो बघायला जाऊ या की!" त्याचं म्हणणं सगळ्यांना पटलं. मुख्याध्यापकांनाही पटलं. सप्टेंबरातला आठवड्याच्या मधला एक दिवस ठरला आणि पहाटेच्या अंधारात आमची एस.टी. निघाली. भाकरी, शेंगदाण्याची चटणी, छत्र्या आणि बत्तीस मुलं!

सातारा शहराच्या पश्चिमेला साधारण २५ किलोमीटरवर कास आहे. शहर मागं पडतं न पडतं तोच यवतेश्वरचा घाट सुरू होतो. गाडी वळणं घेत वर चढते आणि मग रस्ता डोंगराच्या माथ्यामाथ्यानं जाऊ लागतो. उजव्या हाताला खाली वेण्णा नदीवरच्या कण्हेर धरणाचं पाणी चमकतं. डाव्या हाताला उरमोडी धरणाचं पाणी आणि समर्थ रामदासांचा सज्जनगड दिसतो. अर्थात, धुकं असेल तर यातलं काहीच दिसत नाही! आमच्या वेळी तर एस.टी.च्या काचेबाहेर नुसतं पांढरं पांढरं होतं. "बाई, आपण ढगात आलोय का?" एकीनं विचारलं. हो, खरोखरच आम्ही ढगात होतो. कासचं पठार समुद्रसपाटीपासून साधारण १,२०० मीटर उंचीवर आहे.

खडकाला फुलं कशी येतात?

धुकं हळूहळू विरलं आणि समोर पठार उलगडलं. मुलं क्षणभर गप्पच झाली. मग एकानं पायाजवळच्या दगडावर हात फिरवून विचारलं, "पण बाई, इथं तर दगडच आहे. मग ही फुलं उगवली कशात?"

किती छान प्रश्न! त्याचं उत्तर ऐका. आपल्या महाराष्ट्राचा बराचसा भाग काळ्या बसाल्ट खडकाचा आहे. फार फार पूर्वी जमिनीतून वर आलेला तापलेला लाव्हा थंड होऊन तो तयार झाला. कासला या खडकाच्या माथ्यावर जांभ्याचा थर आहे. जांभा म्हणजे कोकणात घरं बांधायला वापरतात तो तांबूस, भोकाभोकांचा दगड. त्यात लोखंडाचा अंश असतो, म्हणून तो तांबडा दिसतो.

या जांभ्यावर माती किती? काही ठिकाणी जेमतेम बोटाच्या पेराएवढी! मोठ्या झाडानं मुळं सोडायची कुठं? म्हणून पठारावर मोठी झाडं जवळजवळ नाहीतच. पावसाळ्यात इथं पाणी साचून राहतं, तर उन्हाळ्यात खडक तव्यासारखा तापतो. अशा जागी लहानसहान वनस्पतीच टिकाव धरतात. त्यांच्या हाती असतात फक्त तीन-चार महिने. पहिल्या पावसाबरोबर उगवायचं, भराभर वाढायचं, फुलायचं, बी धरायचं आणि पाऊस संपला की वाळून जायचं. मागं राहतं ते बी. कुणाकुणाचे कंद राहतात. त्या बोटभर मातीत ते पुढच्या जूनची वाट बघत पडून राहतात.

हे नीट लक्षात ठेवा हं. पुढं एक गणित सोडवायचं आहे, तेव्हा याचा उपयोग होईल.

असं हे पठार साधारण १० चौरस किलोमीटरचं. तेवढ्यात फुलं येणाऱ्या ८५०हून अधिक प्रकारच्या वनस्पतींची नोंद झालेली आहे! त्यांतल्या काही जगात दुसरीकडं फारशा कुठं सापडतच नाहीत. २०१२ साली युनेस्कोनं पश्चिम घाटातल्या ३९ ठिकाणांना जागतिक वारसा म्हणून मान दिला. त्यांतली चार महाराष्ट्रात आहेत. कोयना, चांदोली, राधानगरी आणि चौथं आपलं कास.

फुलांची हजेरी

वर्गात हजेरी घेतो, तशी आता फुलांची हजेरी घेऊ या. सगळ्यांची घ्यायची तर अंक पुरायचा नाही, म्हणून थोड्यांचीच.

सर्वांत आधी तेरडा. पठारावरचे गुलाबी गालिचे बहुधा याचेच. "तेरड्याचा रंग तीन दिवस" ही म्हण तुम्ही ऐकली असेल. तेरड्याची बोंडं पिकली, की जराशा धक्क्यानं फटकन फुटतात आणि बिया दूर उडतात. निसर्गाची गलोलच म्हणा ना!

मग कवला. पिवळ्याधमक पाकळ्या आणि त्यांवर दोन लाल ठिपके. नीट पाहिलं तर कार्टूनमधल्या मिकी माउसचा चेहरा दिसतो, म्हणून याला मिकी माउसचं फूलही म्हणतात.

सीतेची आसवं हे नाव किती सुंदर आहे! काडीएवढ्या देठावर निळसर जांभळी इवलीशी फुलं. सीतामाईच्या डोळ्यांतलं पाणी इथं सांडलं आणि त्याची फुलं झाली, असं लोक सांगतात. पण या नाजूक फुलाचं एक गुपित आहे. ते किडेखाऊ आहे! ओल्या मातीत त्याच्या बारीक बारीक पिशव्या असतात. पाण्यातला एखादा सूक्ष्म जीव पिशवीच्या दाराशी आला, की दार उघडतं, पाण्यासकट तो आत खेचला जातो आणि दार बंद! तुमची पापणी लवायच्या आत हे सगळं घडतं. पातळ मातीत खत कमी, म्हणून या वनस्पतीनं अन्नाची ही दुसरी सोय केली.

तिचाच भाऊ शोभेल असा दवबिंदू. याच्या पानांवरच्या केसांना चिकट थेंब असतात. सकाळचं दव समजून किडा बसला, की चिकटलाच!

गेंद म्हणजे गवतासारख्या काड्यांवर पांढरे गोल गुंडे. लांबून पाहिलं तर कुणी लाह्या उधळल्यासारखं वाटतं. गंमत म्हणजे तो गुंडा हे एक फूल नसतं. त्या एवढ्याशा गुंड्यात पुष्कळ फुलं दाटीनं बसलेली असतात.

हळदीच्या कुळातला पांढरा चवर आमच्या सहलीच्या आधीच फुलून गेला होता. वायतुरा तर जूनच्या पहिल्या पावसाबरोबर येतो. त्याचा तुरा गलोलीच्या बेचक्यासारखा दुभागलेला असतो. त्याच्या शास्त्रीय नावात चक्क साताऱ्याचं नाव आहे. अपोनोजेटॉन सातारेन्सिस! हे सांगितल्यावर आमच्या मुलांच्या माना ताठ झाल्या.

आणि टोपली कारवी! उपड्या टोपलीसारखी गोल झुडपं. ही बाई मोठी सावकाश. सात वर्षांतून एकदाच एकजात सगळी फुलते. म्हणजे तुम्ही पहिलीत असताना तिचा बहर पाहिलात, तर पुढचा बहर येईल तेव्हा तुम्ही आठवीत असाल.

जुन्या राजमार्गानं थोडं चालत गेलं, की कुमुदिनीचं तळं लागतं. पाण्यावर तरंगणारी गोल पानं आणि पांढरी फुलं. फुलाच्या पाकळ्यांना कापसाच्या तंतूंसारखी झालर आणि मध्यभागी हळदीचं बोट लावल्यासारखा पिवळा रंग.

एकाला तीनच फोटो

आमच्याजवळ मोबाइल दोन होते. एक माझा, एक आमच्या गुरुजींचा. मुलं बत्तीस! म्हणून आम्ही एक नियम केला. प्रत्येकानं तीनच फोटो काढायचे. मुलं कुरकुरली. मग गुरुजींनी सांगितलं, "अरे, आमच्या लहानपणी कॅमेऱ्यात रोळ घालावा लागायचा. एका रोळात छत्तीस फोटो. लग्नाला, बारशाला, सगळ्याला मिळून तेवढेच. माणूस आधी दहादा बघायचा आणि मग बटण दाबायचा."

या नियमाचा फार फायदा झाला. मुलांनी आधी बघितलं. बघता बघता त्यांनी जे शोधून काढलं, त्यात माझं थोडंसं मिसळून तुम्हांला सांगते.

आधी खाली बसा. बहुतेक माणसं उभ्यानं, वरून फोटो काढतात. त्यात फुलाचं फक्त डोकं दिसतं. फुलाच्या उंचीवर या. गुडघ्यावर बसा, कोपर टेका, पण टेकायचं वाटेवर, फुलांत नाही. आमच्यातला सर्वांत ठेंगणा मुलगा तिथं सर्वांत सुखी होता! मोबाइल उलटा धरला, तर त्याची काच जमिनीच्या आणखी जवळ जाते, ही युक्तीही त्याचीच.

मागं काय आहे ते बघा. फुलामागं कुणाचा बूट, पिशवी किंवा गाडी आली, की बघणाऱ्याचं लक्ष तिकडं जातं. मागचं गवत उपटू नका. आपण जरा डावीकडं, जरा उजवीकडं सरकावं. आपल्याला पाय आहेत, फुलाला नाहीत. फुलामागं लांबवरचा डोंगर किंवा धुकं आलं, तर फूल कसं उठून दिसतं बघा.

ढगाळ दिवस म्हणजे मेजवानी. पुष्कळांना वाटतं, लख्ख ऊन हवं. पण भर दुपारच्या उन्हात एक बाजू भगभगीत आणि दुसरी काळीकुट्ट दिसते. पातळ ढग असले, की उजेड सगळीकडून सारखा येतो आणि पाकळीची शीरन् शीर दिसते. ऊन असलंच, तर मित्राला छत्री धरायला सांगा. छत्रीच्या सावलीत फोटो काढा. सकाळचं कोवळं ऊनही छान. फूल मागून उजळलं, तर पाकळ्या दिव्यासारख्या दिसतात.

फार जवळ जाऊ नका. फूल मोठं यावं म्हणून मोबाइल त्याच्या नाकाशी नेला, की फोटो धुरकट येतो. पुस्तक डोळ्यांना चिकटवून वाचून बघा. अक्षरं दिसतात का? कॅमेऱ्याचंही तसंच. थोडं मागं या. पडद्यावर फुलाच्या जागी बोट टेकवा. चित्र स्वच्छ झालं की मगच बटण दाबा. नंतर घरी बसून फोटोच्या नको असलेल्या कडा कापता येतात.

पांढऱ्या फुलाला उजेड कमी द्या. गेंदाचा पहिला फोटो सगळ्यांचाच पांढराफट्ट आला. बहुतेक मोबाइलमध्ये पडद्यावर बोट टेकवलं, की सूर्याचं चिन्ह येतं. ते बोटानं थोडं खाली ओढलं, की उजेड कमी होतो. मग त्या पांढऱ्या गुंड्यातली बारीक फुलं दिसू लागतात.

काच पुसा. हे तर कुणी सांगतच नाही! धुक्यानं आणि हातांच्या तेलकट बोटांनी कॅमेऱ्याची काच मळते. सुती रुमालानं ती हळूच पुसली, की निम्मं काम झालं.

आणि थांबा. पठारावर वारा असतो. फूल हलतं. ते हातानं धरू नका. वारा सतत वाहत नाही, मधूनमधून दम घेतो. त्या दमाची वाट बघा.

आमच्या वर्गात एक मुलगी आहे. वर्गात ती फारशी बोलत नाही, हातही वर करत नाही. तिनं सीतेच्या आसवांसमोर बैठक मारली. वारा काही थांबेना. बाकीच्यांचे तीन तीन फोटो संपले, तरी हिचा एकही नाही. मुलं म्हणाली, "काढ की गं, आमच्या भाकरी राहिल्यात!" ती मान हलवून "नाही" म्हणाली. वारा थांबला आणि तेवढ्यात एक मधमाशी आली. माशी फुलावर वाकली आणि हिनं बटण दाबलं. एकच फोटो. उरलेले दोन तिनं काढलेच नाहीत. "माझं झालं," म्हणाली.

पावलाचं गणित

आता तुम्हांला कबूल केलेलं गणित.

आम्ही डबे सोडण्याच्या तयारीत होतो. तेवढ्यात एक कुटुंब आलं. आई, बाबा आणि दोन मुलं. त्यांना फुलांच्या मधोमध बसून फोटो हवा होता. वाट सोडून ते आत गेले, बसले, हसले, फोटो काढला, दोन-चार वेळा जागा बदलली आणि निघून गेले. माणसं वाईट नव्हती हो. जाताना आमच्या मुलांना त्यांनी चॉकलेटंही दिली. पण ते बसले होते तिथं गुलाबी गालिच्याला एक मोठं हिरवट-तपकिरी भोक पडलं होतं आणि वाटेपासून तिथपर्यंत पावलांची रांग उमटली होती.

पठारावर देखरेखीला जवळच्या गावातले एक मामा होते. त्यांनी त्या मंडळींना हाकही मारली होती, पण वाऱ्यात ती पोचली नसावी. मुलांनी त्यांना विचारलं, "मामा, ही फुलं परत उभी राहतील का?"

मामा म्हणाले, "काही राहतील, काही न्हाई. पर बाळांनो, फूल मोडलं ह्येचं येवढं न्हाई. फुलात बी धरायचं असतंय. बी धरायच्या आत मोडलं, तर फुडच्या सालाला तितं काय उगवंल?"

आमच्या एका मुलानं मग काय केलं सांगू? वाटेच्या कडेला खडकावर आपली चप्पल काढून ठेवली. शेजारीच गेंदाचा ताटवा होता. चपलेएवढ्या जागेत किती गेंद मावतात, ते तो लांबूनच मोजू लागला. चाळीसच्या पुढं गेल्यावर त्यानं मोजणं सोडून दिलं.

आता वही घ्या. एका पावलाखाली चाळीस धरू. फोटोसाठी आत जायला दहा पावलं, बाहेर यायला दहा. एकूण वीस पावलं. वीस गुणिले चाळीस, किती? आठशे! हा झाला एका माणसाचा हिशेब. चार माणसं गेली तर? तीन हजार दोनशे. आणि प्रत्येक गुंड्यात पुष्कळ फुलं, हे आपण आधीच पाहिलंय. शिवाय पायानं माती दाबली गेली, की पाणी मुरायला आणि बी रुजायला त्रास होतो. मातीच मुळात बोटभर!

"बाई, एका फोटोला एवढी फुलं?" मुलं विचारू लागली. खरंच, एका फोटोला एवढी. आणि गंमत अशी, की त्या फोटोत ती मोडलेली फुलं दिसतच नाहीत. ती पायाखाली आणि बसलेल्या माणसांखाली असतात. फोटो अगदी सुंदर येतो. तो बघून आणखी कुणाला तरी तसाच फोटो काढावासा वाटतो.

म्हणूनच तिथं नियम आले. फुलांच्या हंगामात पठारावर जायला शुल्क असतं आणि एका दिवसात किती माणसं सोडायची, याला मर्यादा असते. आसपासच्या गावांतले लोक समित्या करून वनखात्याबरोबर ही व्यवस्था बघतात. पण हजारो माणसांमागं दोन डोळे कुठवर पुरणार? प्रत्येकानं आपले डोळे आपल्या पायांवर ठेवले, तर मामांना ओरडावं लागणार नाही.

मग फुलांच्या गालिच्यात आपला फोटो काढायचाच नाही का? काढा की! त्यासाठी आत जायला नको. तुम्ही वाटेवरच खाली बसा. फोटो काढणाऱ्यानं वाटेवरच, पण थोडं लांब आणि खाली बसावं. मोबाइल वाटेकडेच्या फुलांच्या उंचीवर आणावा. पुढं फुलं, मध्ये तुम्ही, मागं फुलं. बघणाऱ्याला वाटेल तुम्ही फुलांच्या समुद्रातच बसला आहात! आम्ही सगळ्या वर्गाचा फोटो असाच काढला. एकही फूल मोडलं नाही.

भिंतीवरचे फोटो

शाळेत परत आल्यावर आम्ही निवडक फोटो छापून आणले आणि व्हरांड्यात लावले. प्रत्येकाखाली मुलांनी फुलाचं नाव, तारीख, ठिकाण आणि स्वतःला दिसलेली एक गोष्ट लिहिली. "कवल्यावर दोन ठिपके आहेत." "गेंदावर मुंगी चढत होती." सीतेच्या आसवांखाली त्या अबोल मुलीनं लिहिलं, "वारा सतरा वेळा आला."

चप्पल ठेवून मोजणाऱ्या त्या मुलाचा एक फोटो शिल्लक होता. तो त्यानं कशाचा काढला असेल? त्या तुडवलेल्या जागेचा! आधी मला वाटलं, सुंदर फुलांच्या ओळीत हा कशाला? पण मुलं म्हणाली, "बाई, राहू द्या. तोही कासचाच आहे." तो आजही तिथंच आहे. शाळेत आलेले पालक त्याच्यापुढं थांबून विचारतात, "हे काय आहे?" मग मुलं त्यांना पावलाचं गणित घालतात.

घरचा अभ्यास

कासला जाणं सगळ्यांना जमेल असं नाही. काही बिघडत नाही. तुमच्या अंगणात जास्वंद असेल, कुंपणावर गोकर्ण असेल, गॅलरीतल्या डब्यात सदाफुली असेल. शेताच्या बांधावर तर पावसाळ्यात काय काय फुलतं! त्यातलं एकच फूल निवडा. घरच्यांना विचारून मोबाइल घ्या. नियम आमचाच, तीन फोटो.

पहिला फोटो पूर्ण झाडाचा. दुसरा फुलाचा, समोरून. तिसरा बाजूनं, पान आणि देठ दिसेल असा. असे तीन असले, की जाणकार माणसाला झाड ओळखायला सोपं जातं. फुलाच्या एका बाजूला सावली असेल, तर दुसऱ्या बाजूनं वहीचा कोरा पांढरा कागद धरा. कागदावरून उजेड परतून सावलीत पडतो. करून बघा, जादू वाटेल! सकाळी एक, दुपारी एक, संध्याकाळी एक असे एकाच फुलाचे फोटो काढून शेजारी शेजारी ठेवा. उजेड काय काय करतो, ते आपोआप कळेल. मोबाइल नसेल तर कागद-पेन्सिल घ्या. चित्र काढताना तर माणूस फोटोहूनही जास्त बघतो.

पालकांसाठीही दोन शब्द. कासला जायचं तर सप्टेंबर ते ऑक्टोबरची सुरुवात हा चांगला काळ. बहर पावसावर अवलंबून असतो, म्हणून निघण्याआधी चौकशी करावी. त्या वर्षीचे प्रवेशाचे नियम आणि नोंदणी बघून घ्यावी. जमल्यास शनिवार-रविवार टाळावा आणि सकाळी लवकर पोचावं. छत्री, रेनकोट, मोबाइलसाठी प्लॅस्टिकची पिशवी आणि कचरा परत आणायला एक रिकामी पिशवी बरोबर असावी. गेलात त्या दिवशी गालिचे नसले, तरी मुलांना "फुलंच नाहीत, फुकट आलो" असं सांगू नका. खाली बसायला सांगा. गालिचा नसला, तरी एखादा दवबिंदू कुठंतरी किड्याची वाट बघत असतोच.

तर बालमित्रांनो, उद्या सकाळी उठल्यावर पहिलं काम काय? एक फूल शोधायचं, त्याच्या उंचीचं व्हायचं आणि वारा थांबेपर्यंत थांबायचं. फोटोखाली नाव, तारीख आणि तुम्हांला दिसलेली एक गोष्ट लिहायला मात्र विसरू नका!